पुण्यातील हिवाळ्याच्या हवेसाठी वाहतूक अंदाजानुसार बदलता येईल का?

प्रश्न – शाळेचे_मैदान

मी पुण्यातील एका माध्यमिक शाळेत गेली 19 वर्षे भूगोल शिकवते. शाळेच्या मैदानाची एक बाजू मोठ्या चौकाला लागून असून मध्ये केवळ जाळीचे कुंपण आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा शासन निर्णय 2024 मध्ये झाल्यापासून लहान मुले उशिरा येतात. पण आठवी ते दहावीचे वर्ग सकाळच्या सत्रात असल्यामुळे त्यांचा परिपाठ 7 वाजून 10 मिनिटांनी मैदानातच होतो आणि त्याला लागूनच कवायतीचा तास असतो. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी समोरच्या टेकडीचा माथा स्वच्छ दिसतो, पायथा मात्र दिसत नाही, आणि मधला करडा पट्टा दहा-साडेदहापर्यंत हळूहळू विरत जातो. कुंपणापलीकडे सिग्नलला थांबलेल्या बस, टेम्पो आणि दुचाकी यांची रांग असते. माझ्या वर्गातील चार मुले दप्तरात इनहेलर घेऊन येतात.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या ‘सफर’ यंत्रणेमार्फत 2013 पासून पुण्याच्या हवेचा एक ते तीन दिवस आधी अंदाज दिला जात आला आहे. माझा प्रश्न असा की, उद्या-परवा हवा कोंडणार आहे हे जर आधी कळते, तर तेवढ्या दिवसांपुरती वाहतूक वेगळ्या रीतीने चालवता येणार नाही का? सिग्नलच्या वेळा बदलणे, अवजड वाहनांना वेगळी वेळ किंवा वेगळा रस्ता देणे, जादा बस सोडणे, यांपैकी काय केल्याने माझ्या मैदानावरच्या हवेत मोजता येण्याइतका फरक पडेल? खडकवासला धरणातून विसर्ग वाढणार असे कळले की नदीपात्रातला भिडे पूल वाहतुकीस बंद होतो, नदीपात्रातल्या गाड्या हलवल्या जातात, आणि हे दरवर्षी कोणताही वाद न होता घडते. हवेचा अंदाज आल्यावर मात्र चौकात काहीच का हलत नाही, हे मला मुलांना सांगता येईल इतक्या स्पष्टपणे समजून घ्यायचे आहे.

उत्तर 1 – निवृत्त_हवामानी

ताई, टेकडीचा माथा दिसतो आणि पायथा दिसत नाही, हे आपले निरीक्षण या विषयाच्या मुळाशी नेणारे आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. यालाच तापमानाचा विपर्यय किंवा इन्व्हर्जन म्हणतात. पुण्याभोवती टेकड्या असल्यामुळे उतारांवरची थंड हवा मुळा-मुठेच्या खोलगट भागात उतरून साचते. जमिनीवरून निघालेला धूर ज्या उंचीपर्यंत मिसळू शकतो, तिला मिश्रण-उंची म्हणतात. हिवाळ्यात पहाटे ही उंची साधारणपणे शंभर-दोनशे मीटर असते, तर ऊन तापल्यावर दुपारी ती दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक होते. आपल्याला दिसणारा करडा पट्टा म्हणजे त्या झाकणाखालची हवा, आणि टेकडीचा माथा त्या झाकणाच्या वर असतो.

आता मुलांना फळ्यावर मांडून दाखवता येईल असा हिशोब पाहा. सकाळी मिश्रण-उंची 200 मीटर आणि वारा सेकंदाला 1 मीटर असेल, तर दोहोंचा गुणाकार 200 येतो. दुपारी उंची 1500 मीटर आणि वारा सेकंदाला 3 मीटर असेल, तर गुणाकार 4500 येतो. या गुणाकाराला वायुवीजन निर्देशांक म्हणतात, आणि तो जितका मोठा तितका धूर पातळ होतो. वरच्या उदाहरणात तो बावीसपटींहून अधिक वाढला. म्हणजे सकाळी सात वाजता चौकातून गेलेला एक टेम्पो मैदानावरच्या हवेच्या दृष्टीने दुपारी तीन वाजता गेलेल्या वीसएक टेम्पोंच्या बरोबरीचा ठरू शकतो. शहराची हवा काही चौकोनी खोके नसते, आणि कुंपणाला लागूनच्या हवेला तर झाकण कुठे आहे याची खबर लागण्याआधीच धूर पोहोचलेला असतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा धरू नये. पण फरक किती मोठा असू शकतो, याची कल्पना त्यावरून येते.

यातून निघणारी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण वाहतुकीचे सगळे नियम घड्याळाकडे आणि कोंडीकडे पाहून केले आहेत. अवजड वाहनांना दिवसा बंदी आणि रात्री-पहाटे प्रवेश, हा आपल्या बहुतेक मोठ्या शहरांचा शिरस्ता आहे, आणि दिल्लीतही मालवाहू वाहने मुख्यतः रात्रीच शहरात येतात. रस्ता मोकळा असतो ती वेळ हवेच्या दृष्टीने मात्र सर्वांत कोंडलेली असते. अपघात आणि कोंडी यांचा विचार केला तर हा नियम योग्यच आहे. परंतु वर्षातील जे चाळीस-पन्नास दिवस खरोखर वाईट असतील, त्या दिवसांपुरता तो तपासून पाहावा असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि ते दिवस कोणते हे सांगणे हेच अंदाजाचे काम आहे.

दिल्लीतील सम-विषम योजनेचा, म्हणजे गाडीच्या क्रमांकानुसार एक दिवसाआड गाडी रस्त्यावर आणू देण्याचा, अनुभवही याच दिशेने जातो. ती 2016 मध्ये 1 ते 15 जानेवारी आणि 15 ते 30 एप्रिल अशी दोनदा राबवली गेली. पहिल्या फेरीत योजना लागू असलेल्या तासांमध्ये सूक्ष्म कणांत काही घट झाल्याचे अभ्यासकांना आढळले, दुसऱ्या फेरीत मात्र आढळले नाही. शहर तेच, नियम तोच. पण जानेवारीत झाकण खाली असते आणि एप्रिलमध्ये हवा उंचापर्यंत घुसळली जाते, शिवाय बाहेरची धूळ येते. तोच उपाय एका ऋतूत लागू पडतो आणि दुसऱ्यात वाया जातो.

आपल्या अपेक्षेला थोडी मर्यादाही घालतो. मैदानावरचे पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतचे सूक्ष्म कण, हे सगळे चौकातून आलेले नसते. त्यात शेकोट्या, जाळलेला कचरा, बांधकामे, कारखाने आणि शेकडो किलोमीटरवरून आलेली हवा यांचा वाटा असतो, शिवाय वायूंपासून हवेतच तयार होणारे कणही असतात. त्यामुळे एका चौकातील वाहतूक निम्म्यावर आणली तरी पीएम 2.5 निम्म्यावर येणार नाही. नायट्रोजन डायऑक्साइड आणि काजळीचे कण यांचे तसे नसते. ते रस्त्यालगत दाट असतात आणि शंभर-दोनशे मीटरवर बरेच विरळ होतात. मोजता येण्याइतका फरक पाहायचा असेल तर तो या दोहोंत शोधावा. उपायाचे यश केवळ शहराच्या एक्यूआयवरून, म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांकावरून, ठरवले, तर चांगला उपायही निरुपयोगी वाटून सोडून दिला जाईल, ही मला नेहमी वाटणारी भीती आहे.

उत्तर 2 – हिरवा_पिवळा_लाल

मी वाहतूक अभियांत्रिकीत काम करतो आणि सिग्नलच्या वेळा ठरवणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. वरच्या उत्तरातील हवामानाचा भाग मला पूर्ण मान्य आहे, पण ट्रक पहाटेऐवजी दुपारी सोडण्याच्या सूचनेला माझी हरकत आहे. गच्च भरलेल्या रस्त्यावर एक डंपर चढाला अडकला की त्याच्यामागे पन्नास गाड्या पहिल्या गिअरमध्ये सरकत राहतात, आणि त्या पन्नास गाड्यांचा धूर हिशोबात धरला तर दुपारच्या खोल मिश्रण-उंचीचा फायदा बराचसा खर्ची पडतो. शिवाय दुपारी शाळा सुटतात. वाईट दिवसांत बांधकामाचे साहित्य वाहणारी वाहने एक-दोन दिवस थांबवणे आणि शहराबाहेर जाणारा माल बाहेरूनच वळवणे, हे वेळ बदलण्यापेक्षा अधिक खात्रीचे आहे. भाजीपाला, दूध आणि औषधे थांबवता येत नाहीत. वाळू, खडी आणि सिमेंट थांबवता येतात.

आता सिग्नलकडे येतो. एफ. व्ही. वेबस्टर यांनी 1958 मध्ये मांडलेले सूत्र आजही आम्ही आधारासाठी वापरतो. सिग्नलचे एक आवर्तन किती सेकंदांचे असावे, हे त्यातून निघते. एका आवर्तनात दिवे बदलताना वाया जाणारे सेकंद घ्यायचे, त्यांची दीडपट करून त्यात पाच मिळवायचे, आणि चौकाची जेवढी क्षमता शिल्लक आहे त्या अपूर्णांकाने भागायचे. समजा 12 सेकंद वाया जातात आणि चौकाची 80 टक्के क्षमता वापरली जात आहे. तर 23 भागिले 0.2, म्हणजे 115 सेकंदांचे आवर्तन लागते. भार 70 टक्क्यांवर आला, तर 23 भागिले 0.3, म्हणजे सुमारे 77 सेकंद पुरतात. आठ गाड्यांमागे एक गाडी कमी झाली, पण आवर्तन एक-तृतीयांशाने लहान झाले, आणि त्याबरोबर लाल दिव्यापुढे थांबण्याचा वेळही. भरलेल्या चौकात थोडी घट मोठा फरक करते, आणि म्हणूनच वाईट दिवसांसाठी आखलेली थोडीशी कपातही वाया जात नाही. उलट चौक 95 टक्के भरलेला असेल, तर सिग्नलच्या वेळांशी कितीही खेळले तरी फारसे काही हाती लागत नाही, हेही त्याच सूत्रात दडलेले आहे.

सिग्नलच्या संगणक प्रणाली कशासाठी वेळा बदलतात, हे लोकांना सहसा माहीत नसते. त्या मुख्यतः विलंब कमी करण्यासाठी बांधलेल्या असतात, हवा सुधारण्यासाठी नव्हे. ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात तयार झालेल्या ट्रान्झिट या आज्ञावलीत विलंब आणि थांबे यांना वेगवेगळे वजन देऊन एक बेरीज केली जाते, आणि ती बेरीज कमीत कमी होईल अशा वेळा शोधल्या जातात. धुराच्या दृष्टीने थांबा हा विलंबापेक्षा वाईट असतो, कारण उभ्या गाडीने पुन्हा वेग घेताना इंजिनावर सर्वाधिक ताण येतो, आणि बस किंवा भरलेल्या टेम्पोच्या बाबतीत तर हे धुराच्या लोटावरून डोळ्यांनाच दिसते. म्हणजे वाईट दिवसांसाठी थांब्यांचे वजन वाढवून वेळांचा एक वेगळा संच तयार ठेवता येतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आधी बसून केलेली गणिते आणि ते संच लागू करण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती एवढेच लागते.

आपल्या शाळेसाठी मला याहून उपयोगी वाटणारा उपाय म्हणजे रांगेची जागा बदलणे. रांग टाळता येत नसेल, तर ती कोठे उभी राहावी हे ठरवता येते. आधीच्या चौकात हिरवा थोडा कमी केला, तर गाड्या तेथेच थांबतात आणि शाळेसमोरच्या टप्प्यात मोजक्याच सोडल्या जातात. झुरिकमध्ये शहराच्या वेशीवर अशा रीतीने गाड्या रोखून धरण्याची पद्धत अनेक वर्षांपासून आहे. आधीचा चौक मोकळ्या जागी, नदीकाठी किंवा गोदामांच्या भागात असेल, तर एकूण धूर तेवढाच राहूनही तो श्वासावाटे घेणारी माणसे कमी होतात. तेथे झोपडवस्ती असेल तर मात्र हा उपाय करू नये, कारण मग आपण आपल्या मुलांचा धूर दुसऱ्यांच्या मुलांना दिला असे होईल.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. सिग्नल सुधारून रस्ता सुरळीत वाहू लागला की काही महिन्यांत नव्या गाड्या त्याच रस्त्याकडे वळतात, त्यामुळे बसला प्राधान्य न देता केलेली सुधारणा टिकत नाही. दुसरी गोष्ट धुळीची: 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 ही धुराची मानके आल्यावर नव्या गाड्यांचा धूर कमी झाला आहे, पण ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या कडेची माती यांना ही मानके रोखत नाहीत. चौकाच्या कडेची माती ओल्या झाडूने काढली, तर चाकांनी उडणारी धूळ कमी होते. वाईट दिवसाच्या आदल्या रात्री हे काम करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उत्तर 3 – नेकारकाठचा_पुणेकर

मी कोथरूडचा; गेली 14 वर्षे नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. आपण विचारता तोच प्रयोग या शहराने केला आहे, आणि तो डोळ्यांसमोर घडलेला असल्यामुळे त्यातले बरे-वाईट दोन्ही सांगतो.

श्टुटगार्टही पुण्यासारखेच टेकड्यांमधल्या खोलगट भागात वसले आहे, आणि येथेही हिवाळ्यात वारा पडला की हवा तुंबते. नेकारटोर नावाच्या चौकातले मोजमाप केंद्र अनेक वर्षे देशातील सर्वांत वाईट आकड्यांसाठी ओळखले जाई. जानेवारी 2016 पासून शहराने सूक्ष्म धुळीचा इशारा देण्यास सुरुवात केली. त्याची रचना मला आजही फार विचारपूर्वक केलेली वाटते. इशारा धुळीच्या आकड्यावर ठरत नसे. सलग किमान दोन दिवस हवेची देवाणघेवाण मंदावणार असा जर्मन हवामान खात्याचा अंदाज आला, की इशारा लागू होई, आणि हे फक्त 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या काळात. आदल्या संध्याकाळपासून घरांतल्या शोभेच्या लाकडी शेगड्या बंद आणि मध्यरात्रीपासून गाडी घरी ठेवण्याचे आवाहन, असा क्रम असे. त्या दिवसांत बस आणि रेल्वेची तिकिटे सवलतीत मिळत, आणि रस्त्यांवरच्या फलकांवर इशारा झळके.

इशारा हवामानावर बेतण्यामागचे एक कारण पहिल्या उत्तराशी जोडून सांगण्यासारखे आहे. उद्या एक्यूआय 250 होईल असा अंदाज आला, शहराने गाड्या थांबवल्या आणि आकडा 190 वरच राहिला, तर लोक म्हणतील की अंदाज चुकला आणि आम्हाला उगाच त्रास दिला. उपाय जितका यशस्वी, तितका अंदाज खोटा ठरतो. वारा आणि मिश्रण-उंची यांच्यावर मात्र आपल्या गाड्या थांबवल्याने काही परिणाम होत नाही, त्यामुळे तो अंदाज खरा ठरला की नाही हे स्वतंत्रपणे तपासता येते आणि लोकांचा विश्वास टिकतो.

आता दुसरी बाजू. आवाहन ऐच्छिक होते, आणि त्यामुळे गाड्यांची संख्या थोडीच घटली. पहिल्या काही इशाऱ्यांना लोकांनी उत्साहाने प्रतिसाद दिला, नंतर फलक नजरेला सरावला. नेकारटोरच्या नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी 2018 मध्येही घनमीटरला 70 मायक्रोग्रॅमच्या वर होती, तर युरोपची मर्यादा 40 ची होती. शेवटी न्यायालयीन निर्णयांनंतर 1 जानेवारी 2019 पासून युरो 4 आणि त्याहून जुन्या मानकांच्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी आली, रहिवाशांसाठी ती 1 एप्रिलपासून लागू झाली. धुळीचे आकडे मर्यादेत आल्यावर 2020 मध्ये इशाऱ्याची योजना संपवण्यात आली. आकडे खाली येण्यात नव्या गाड्या, बससाठी राखीव मार्गिका आणि रस्त्यांची सफाई यांचा वाटा मोठा होता, केवळ इशाऱ्याचा नव्हे.

म्हणून मला स्पेनमधील माद्रिदची पद्धत अधिक उपयोगी वाटते. तेथे नायट्रोजन डायऑक्साइड ठरावीक पातळीवर गेला आणि पुढचे हवामान प्रतिकूल असेल, तर पहिल्या पायरीला वर्तुळाकार महामार्गावरची वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटर होते, पुढच्या पायरीला बाहेरच्यांना मध्यवर्ती भागात गाडी लावता येत नाही, आणि त्यापुढे गाड्यांवर बंधने येतात. 29 डिसेंबर 2016 रोजी तर क्रमांकानुसार निम्म्या खासगी गाड्यांना मध्यवर्ती भागात प्रवेश नव्हता. कोणत्या पायरीला काय होणार हे प्रत्येकाला आधीच माहीत असते. ताईंनी दिलेल्या भिडे पुलाच्या उदाहरणाशी ते अगदी जुळते. पाणी किती आले की पूल बंद होणार, यावर त्या दिवशी सकाळी बैठक घ्यावी लागत नाही.

श्टुटगार्टची एक लहानशी गोष्ट सिग्नलवाल्या मित्रांसाठी. येथे काही चढाच्या रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 50 वरून 40 वर आणली गेली, जेणेकरून चढावर पुन्हा पुन्हा वेग घेणे कमी व्हावे आणि गाड्या एकसारख्या चालाव्यात. कात्रज किंवा चांदणी चौकाकडच्या चढांवर याचा अभ्यास करण्यासारखा आहे.

उत्तर 4 – कलम_वाचक

अधिकाराचा मुद्दा वर निघाला आहे, म्हणून तेवढेच लिहितो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 नुसार राज्य शासन, किंवा शासनाने त्यासाठी अधिकार दिलेले प्राधिकरण, सार्वजनिक सुरक्षितता किंवा सोयीसाठी एखाद्या भागात किंवा रस्त्यावर वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालू शकते. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढण्याची गरज नसते, स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी पुरते. तीन दिवसांच्या अंदाजावर आधारलेल्या दोन-तीन दिवसांच्या निर्बंधाला ही तरतूद नेमकी बसते. गणेशोत्सवात मिरवणुकीसाठी रस्ते बंद करण्याचे आदेश निघतातच, तेव्हा अल्पकाळ वाहतूक वळवण्याची सवय आपल्या प्रशासनाला नाही असे म्हणता येणार नाही.

दिल्ली आणि परिसरासाठी जानेवारी 2017 मध्ये टप्प्याटप्प्यांचा कृती आराखडा अधिसूचित झाला, आणि 2022 मध्ये तो सुधारताना, आकडा चढण्याची वाट न पाहता अंदाजाच्या आधारे आधीच टप्पा लागू करण्याची तरतूद आली. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे एक्यूआय 400 च्या वर गेल्यावर, बीएस-3 पेट्रोल आणि बीएस-4 डिझेल चारचाकींवर निर्बंध येतात. तेथील हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाचे अधिकारक्षेत्र राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि लगतचा भाग एवढेच असल्यामुळे तो आराखडा पुण्याला लागू होत नाही. शिवाय दिल्लीचे टप्पे जसेच्या तसे उचलण्यातही अर्थ नाही, कारण पुण्यात 400 चा आकडा क्वचितच येईल आणि कलम कागदावरच राहील. पुणे राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहर आहे, तेव्हा येथील टप्पे 150 किंवा 200 पासून, अथवा वर सुचवल्याप्रमाणे वायुवीजनावरून, ठरवण्याची मागणी त्या कार्यक्रमाच्या स्थानिक आराखड्यात करता येईल. अर्ज करताना मागणी एकच आणि नेमकी ठेवावी: अमुक परिस्थितीचा अंदाज आल्यास अमुक अधिकाऱ्याने अमुक आदेश काढावा.

शाळेचे_मैदान

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मुलांना वायुवीजन निर्देशांक फळ्यावर मांडून दाखवला, आणि नववीच्या दोन मुलींनी त्यावरून विचारले की मग कवायत अकरा वाजता का घेत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून या आठवड्यापासून कवायतीचा तास शेवटच्या दोन तासिकांत हलवला आहे, आणि अंदाज वाईट असेल त्या दिवशी परिपाठ वर्गातच होईल. शाळेच्या व्हॅन आणि रिक्षावाल्या काकांनीही इंजिन बंद करून थांबण्याचे मान्य केले. इतकी वर्षे त्यांना कोणी तसे म्हटलेच नव्हते, याचे मला वाईट वाटले.

अर्ज करण्यापूर्वी आपल्याकडे काही मोजमाप असावे असे वाटते. एका पालकांनी कणांचे प्रमाण दाखवणारा छोटा संवेदक दिला असून तो आम्ही कुंपणाजवळ बसवला आहे. पहाटे तो 300 च्या आसपास आकडे दाखवतो आणि ऊन आल्यावर एकदम खाली येतो. हा फरक मिश्रण-उंचीचा आहे, की धुक्यामुळे यंत्र फसते? चौकातील गाड्यांची मोजणी मुले करतील, पण ती कशी करावी म्हणजे तिला अर्थ राहील?

निवृत्त_हवामानी

दोन्ही कारणे एकत्र असतात, आणि एकच संवेदक असेल तर ती वेगळी करता येत नाहीत. हे स्वस्त संवेदक लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो यावरून अंदाज बांधतात. हवेतील आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात, आणि आकडा खऱ्यापेक्षा चढा येतो.

यावर उपाय असा. अगदी तसाच दुसरा संवेदक मिळवा. आधी दोन्ही एकाच खिडकीत शेजारी-शेजारी आठवडाभर ठेवा आणि त्यांच्यात कायमचा किती फरक येतो ते लिहून घ्या. मग एक कुंपणाजवळ आणि दुसरा इमारतीच्या मागच्या बाजूला, चौकापासून शक्य तितका दूर, पण त्याच उंचीवर बसवा. धुके, आर्द्रता आणि बाहेरगावाहून आलेली हवा दोन्हीकडे जवळपास सारखीच असेल, त्यामुळे दोहोंची वजाबाकी केली की चौकाचा वाटा बऱ्याच अंशी वेगळा दिसेल. आपल्याला कुंपणावरचा 300 हा आकडा नको आहे, ही वजाबाकी हवी आहे. ती लहान निघाली तर निराश होऊ नका. मी वर म्हटल्याप्रमाणे कणांत फरक कमीच दिसतो. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी निष्क्रिय नळ्या मिळतात, त्या दोन ते चार आठवडे टांगून प्रयोगशाळेत तपासतात. त्यांतून दिवसागणिक चढ-उतार कळत नाही, पण कुंपण आणि मागची भिंत यांतला फरक स्पष्ट दिसतो.

मोजणी 6:45 ते 8:15 या वेळेत, पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांत करा. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, टेम्पो आणि ट्रक वेगळे मोजा, आणि प्रत्येक लाल दिव्याच्या शेवटी रांग किती लांब होती हेही लिहा, कारण सिग्नलच्या वेळा बदलल्यावर गाड्यांची संख्या तीच राहून रांगच बदललेली दिसेल. मैदानावर एक हलकी चिंधी काठीला बांधून वाऱ्याची दिशा प्रत्येक टप्प्याला नोंदवा. वारा शाळेकडून चौकाकडे असेल त्या सकाळी वजाबाकी शून्याजवळ यायला हवी, आणि तशी आली तर आपली यंत्रे नीट चालत आहेत याची खात्री होईल. किमान दहा शाळेचे दिवस कोणताही बदल न करता नोंदी घ्या. त्या हाती आल्या की येथे मांडा, मी आणि सिग्नलचे काम करणारे आपले मित्र मिळून त्यावरून अर्जाचा तांत्रिक भाग लिहून देऊ.

हिरवा_पिवळा_लाल

मी तयार आहे. नोंदींबरोबर चौकाचा हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक बाजूच्या हिरव्या आणि लाल दिव्याचे सेकंद, आणि आधीच्या चौकापर्यंतचे पावलांनी मोजलेले अंतर एवढे पाठवा. रांग मागे थोपवता येईल का, हे त्यावरून एका संध्याकाळी सांगता येईल.